एक नग लॅब

पावती अजून माझ्याकडे आहे. मित्राने फाडायला काढली होती, मी मागून घेतली. कार्बन ठेवून लिहिलेली, निळसर, कडेला चुरगळलेली. पहिल्या ओळीत ‘लॅब मेल – १ नग’. दुसऱ्या ओळीत सेरेलॅकचा डबा, तिसरीत लाल पट्टा आणि वाटी. तळाशी छापलेलं वाक्य साडीच्या दुकानापासून मिक्सरच्या दुकानापर्यंत आपल्याला पाठ आहे : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

माल रविवारी संध्याकाळी डोंबिवली पूर्वेतल्या एका दुकानातून घरी आला. बुधवारी त्याने खाणं सोडलं. गुरुवारी सकाळी उलट्या, दुपारपासून रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी चाचणी केली, पार्व्हो हा विषाणूजन्य आजार निघाला, आणि सलाईन लावता लावता त्यांनी मित्राला चार साधे प्रश्न विचारले. पिल्लाच्या आईला लस दिलेली होती का? पिल्लू आईपासून कितव्या आठवड्यात तोडलं? त्याच्या बरोबरची बाकीची पिल्लं कशी आहेत? आज याचं नक्की वय किती? चौथ्या प्रश्नाला तेवढं उत्तर होतं. दुकानदाराने ‘दीड महिन्याचं आहे, एकदम योग्य वय’ असं सांगितलं होतं. बाकी तिन्ही प्रश्न आईभोवती फिरत होते, आणि आई कोणी पाहिलेलीच नव्हती. लसीचं म्हणून जे कार्ड मिळालं होतं त्यावर स्टिकर होता, पण कुठल्या डॉक्टरची सही नव्हती, शिक्का नव्हता.

शनिवारी पिल्लू गेलं. दुकानदार आधी म्हणाला, तुम्ही बाहेरचं काहीतरी खायला घातलं असेल. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, दुसरं घेऊन जा, निम्म्यात देतो.

पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. तेव्हा रविवारी घेतलेलं पिल्लू बुधवारी आजारी पडलं याचा अर्थ सरळ आहे. पण मला या लेखात त्या दुकानदाराला फासावर द्यायचं नाही. तो खोटारडा होता की नुसताच बेफिकीर, हे मला ठाऊक नाही, आणि त्याने फारसा फरक पडतो असंही मला वाटत नाही. त्याच्या जागी एखादा सज्जन, कुत्र्यांवर जीव असलेला माणूस गल्ल्यावर बसला असता तरी हा धंदा त्या माणसाला सज्जन राहू देत नाही, असं माझं म्हणणं आहे. ते नीट मांडायचं तर आधी एक ढोबळ आक्षेप बाजूला करावा लागेल.

‘जिवाची विक्री करणं हेच मुळात पाप’ असं प्राणिप्रेमी मंडळी म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण आपण ते कधी पाळलेलं नाही. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याने गेलं की म्हसा लागतं. तिथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि त्या यात्रेतला बैलबाजार आजही आसपासच्या जिल्ह्यांत नावाजलेला आहे. ठाण्याच्या टॉवरमधल्या माणसाला हा बाजार रानटी वाटेल. पण तिथे गिऱ्हाईक काय करतं ते पाहावं. आधी जबडा उघडून दात बघतं : दोन दाती, चार दाती की जुळलेला. मग बैल चालवून बघतं, खांद्यावरून हात फिरवतं, खोडी विचारतं, गाव विचारतं. ज्याने बैल वाढवला तो, नाहीतर त्याला ओळखणारा दलाल, कासरा धरून समोर उभा असतो. वर्षभराने बैल बसका निघाला तर कोणाच्या दारात जाऊन शिव्या द्यायच्या हे घेणाऱ्याला माहीत असतं. या व्यवहारात करुणा किती असेल ते सोडा, पण ओळख आहे. जनावर कुठून आलं, कोणाच्या गोठ्यात वाढलं, हे लपवून तो बाजार चालत नाही.

कुत्र्याच्या पिल्लाचेही दात बघता येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात आणि आठव्या आठवड्याच्या आसपास अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आलेले असतात. मित्राचे आजोबा बैलाचं तोंड उघडून वय सांगायचे. नातू काचेपलीकडच्या जिवावर पंधरा हजार रुपये खर्च करताना त्याचं तोंड उघडून बघायला विसरला. विसरला म्हणणंही चूक. दुकान त्याला तसं काही सुचूच देत नाही. मागे रंगीत पट्टे, वर ट्यूबलाइट, हातात ठेवलेलं गरम, लोळागोळा पिल्लू, आणि शेजारी ‘बाबा, घेऊ या ना’ म्हणणारी मुलगी. पिल्लू कुठून आलं असं विचारलंच तर उत्तर मिळतं : बाहेरून.

‘बाहेरून’ या एका शब्दात सगळा धंदा बसलेला असतो. बाहेर म्हणजे कुठेतरी एक कुत्री आहे. ती वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि त्रेसष्ट दिवसांत विते. ती गच्चीवरच्या पत्र्याखाली असेल, चाळीच्या मागच्या खोलीत असेल, किंवा खरोखरच एखाद्या प्रेमळ माणसाच्या अंगणात असेल. गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही आणि दुकान मधे असेपर्यंत तो निघणारही नाही. पैदास करणाऱ्याला गिऱ्हाइकाचं तोंड बघावं लागत नाही. गिऱ्हाइकाला ती कुत्री बघावी लागत नाही. दुकानदार दोघांच्या मधे उभा राहतो आणि त्याचा नफा नेमका या न बघण्यातून येतो.

आता त्या सज्जन दुकानदाराकडे येऊ. समजा, त्याने ठरवलं की सगळं कायद्याने करायचं. २०१८च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. (म्हणजे ‘दीड महिन्याचं, योग्य वय’ हे वाक्य उच्चारताना माझ्या मित्राचा दुकानदार गुन्ह्याची जाहिरातच करत होता, आणि ऐकणाऱ्याला ती खात्री वाटत होती.) आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या आठवड्यापासून पुढे हळूहळू उतरत जाते. ती रक्तात असेपर्यंत लस नीट धरत नाही, आणि ती उतरल्यावर लस धरेपर्यंतचे दिवस धोक्याचे. म्हणून तर सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. या धोक्याच्या दिवसांत पिल्लाला चार ठिकाणांहून आलेल्या चार पिल्लांशेजारी ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्याला उचलून घ्यायचं, यासारखी दुसरी वाईट कल्पना नाही. पण दुकान म्हणजे हेच. शहाणा दुकानदार म्हणेल, मी नवीन पिल्लू दोन आठवडे वेगळं ठेवीन, मग काचेत आणीन. उत्तम. तोवर ते दहा आठवड्यांचं होतं.

आणि पिल्लाचा भाव भाजीसारखा असतो. सहाव्या आठवड्यात त्याच्याकडे पाहून माणसं विरघळतात. तिसऱ्या महिन्यात पाय लांबतात, चेहरा टोकदार होतो, आणि ‘जरा मोठं झालंय, नाही का?’ हा प्रश्न सुरू होतो. पाचव्या महिन्यात ते कुणालाच नको असतं. ठाण्याच्या गोखले रोडला किंवा डोंबिवलीत स्टेशनच्या आसपास गाळ्याचं भाडं भरणाऱ्या माणसाने असा रोज उतरणारा माल दोन आठवडे मागे ठेवायचा, प्रत्येक पिल्लामागे डॉक्टरचा खर्च करायचा, आणि शेजारच्या दुकानात सहा आठवड्यांचं, निम्म्या किमतीचं पिल्लू काचेवर नाक घासत बसलेलं बघायचं. किती दिवस टिकेल तो? न विकली गेलेली पिल्लं कुठे जातात, असं मी एकदा एका दुकानात विचारलं होतं. ‘देतो कुणाला तरी,’ एवढंच उत्तर मिळालं. कुणाला ते मी पुन्हा विचारलं नाही. ही माझी भित्रेपणाची कबुली समजा.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे पिल्लाच्या डोक्यात तेव्हा काय चाललेलं असतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी बरीच वर्षं कुत्र्यांची पिल्लं वाढवून पाहिली आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कुत्रा जगाशी ओळख करून घेतो : आईने गुरकावलं की थांबायचं, भावंडाला जोरात चावलं की खेळ बंद होतो, माणसाचा हात म्हणजे धोका नव्हे. ही खिडकी बंद झाल्यावर तेच शिकवायला कितीतरी जास्त कष्ट पडतात. आणि दुकान नेमके हेच आठवडे खातं. २०१३ साली फ्रँकलिन मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेट शॉपमधून आणलेल्या आणि घरगुती ब्रीडरकडून आणलेल्या कुत्र्यांची तुलना केली. दुकानातल्या कुत्र्यांत चावरेपणा आणि भीती जास्त आढळली. आपल्या सोसायट्यांत कुत्र्यांवरून भांडणं होतात तेव्हा मालकाच्या वळणावर, लिफ्टवर, वर्गणीवर बोललं जातं. चावऱ्या कुत्र्याने आयुष्यातले पहिले काही आठवडे कुठे काढले, हे सेक्रेटरी कधी विचारत नाही. जिथे झोपायचं तिथेच घाण करायची सवय पिंजऱ्यात लागली की सोसायटीच्या जिन्यावरचं भांडणही तिथेच सुरू झालेलं असतं.

कायदा नाही असं नाही. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदास-विक्रीचे नियम आले : अठरा महिन्यांखालच्या आणि आठ वर्षांवरच्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, बारा महिन्यांत एकच वेत, आयुष्यात पाचच्या वर नाहीत, ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. पुढच्या वर्षी पेट शॉपचे नियम आले, तिथेही नोंदणी सक्तीची. वाचायला सुंदर आहेत. पण एका दुकानात मी ‘तुमची नोंदणी?’ असं विचारलं तेव्हा मालकाने अभिमानाने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. तो गुमास्ता परवाना होता. किराणा दुकानाला लागतो तोच. आणि मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना वजन असेल. आज नो-पार्किंगमधून उचललेली स्कूटर सोडवायलाही त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. हा दंड वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली लोकांपुढे ठेवला होता. पण एका वर्षात एकच वेत झालं की दोन, हे मोजायला कोण येणार? ती मादी नोंदवलेलीच नाही. ती ‘बाहेर’ आहे.

इथे थोडं आपल्या भाषेबद्दल बोलायला हवं. जातपात मानत नाही असं ठासून सांगणारी माणसं कुत्रा घ्यायला गेली की पहिला प्रश्न विचारतात : कुठल्या जातीचा? मग ‘जातिवंत’, ‘शुद्ध रक्त’, ‘क्रॉस तर नाही ना?’, ‘पेपरवाला आहे का?’ हे शब्द कुठल्याही संकोचाशिवाय तोंडातून निघतात, आणि खाली रस्त्यावर शेपूट हलवणाऱ्याला ‘गावठी’ म्हणून हाकललं जातं. पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लबची नोंद. त्यात आजा-पणज्याची नावं असतात. आईला कधी ऊन लागलं का, हे त्यात नसतं. दुकानाला हे फार सोयीचं आहे. वंशावळ मिळाली की गिऱ्हाइकाला घर बघायची गरज वाटत नाही. जुन्या लग्नांत असंच व्हायचं, पण तो विषय वेगळा.

आणि जाती तरी कुठल्या? २००३ साली हचच्या जाहिरातीत एक पग पोराच्या मागे मागे चालला आणि देशभर पग हवेसे झाले. चपट्या तोंडाचा, मुळात धाप लागलेला जीव. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापेतून बाहेर टाकतो, आणि याला नाकच नाही. मग हस्की आले. सैबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढायला घडवलेलं कुत्रं मे महिन्यात पलाव्यात किंवा घोडबंदर रोडवर पंख्याखाली जीभ काढून पडलेलं असतं. काही विक्रेते ‘इम्पोर्टेड’ म्हणतात. २०१६ साली केंद्राने व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली होती, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ बहुधा तस्करी किंवा थाप. थापच असावी, अशी आशा करू या. दुकानातल्या काचेला फॅशन लागते, आणि कुत्र्याची फॅशन बदलली तरी कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो.

२०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यात टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, अकरा दिवसांनी तो सौम्य केला, आणि इकडे कल्याण-डोंबिवलीपर्यंत प्रत्येक कट्ट्यावर भांडणं लागली. त्या गदारोळात काही जण म्हणाले की पेट शॉप बंद करा, म्हणजे भटकी कुत्री कमी होतील. हे खरं नाही आणि आपल्या बाजूचं आहे म्हणून ते म्हणूही नये. रस्त्यावरची बहुतेक कुत्री रस्त्यावरच जन्मतात. कचरा आणि अपुरं निर्बीजीकरण ही त्याची कारणं. सोडून दिलेला लॅब किंवा पॉमेरियन रस्त्यावर दिसतो तेव्हा तो बहुधा भटक्यांची संख्या वाढवण्याइतका जगतही नाही. ‘दुकानातून घेऊ नका, रस्त्यावरचं आणा’ हा सल्लाही मी प्रत्येकाला देणार नाही. ज्या घरी दिवसाचे दहा तास कुलूप असतं, ज्यांचा अर्धा दिवस लोकलमध्ये जातो, त्यांनी कुठलंच कुत्रं आणू नये. हे कोणी स्पष्ट सांगत नाही, कारण त्यात कुणाचंच पुण्य नाही आणि कुणाचाच नफा नाही.

मग करायचं काय? नियम कडक करा, निरीक्षक वाढवा, असं साधारणपणे म्हटलं जातं. माझ्या मते दुरुस्ती याच्याही आधी व्हायला हवी : कुत्र्या-मांजरांची पिल्लं दुकानात विकायलाच बंदी. हे काही जगावेगळं नाही. कॅलिफोर्नियात २०१९च्या सुरुवातीपासून दुकानांना पैदाशीची कुत्री-मांजरं विकता येत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात हेच डिसेंबर २०२४ पासून झालं. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून पेट शॉपमधली कुत्र्या-मांजरांची विक्री थांबवली. सगळ्यांत नेमका कायदा इंग्लंडचा वाटतो. वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून २०१३ साली सोडवलेल्या ल्युसी नावाच्या स्पॅनियल मादीच्या नावाने तो ओळखला जातो. बराच काळ पिंजऱ्यात कोंडून ठेवल्याने तिचा कणा वाकलेला होता. ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू ब्रीडरखेरीज कोणाला विकता येत नाही, आणि ब्रीडरने ते जन्मलं त्या जागी, आईसह दाखवावं लागतं. डॉक्टरांनी माझ्या मित्राला जे चार प्रश्न विचारले त्यांतल्या तिनांची उत्तरं तिथे कायद्याने समोर उभी राहतात.

पळवाटा तिथेही निघाल्या. कोणी भाड्याची आई आणून ठेवली. आपल्याकडे तर दुकान बंद झालं की धंदा इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर जाईल. खरं तर गेलाच आहे : आगाऊ पैसे पाठवा, पिल्लू स्टेशनबाहेर मिळेल. हा आक्षेप मला बोचतो, आणि मी तो खोडू शकत नाही. एवढंच म्हणेन की चोरट्या मार्गाने घेणाऱ्याला आपण चोरट्या मार्गाने घेतोय हे कळतं. दुकानाची गोष्ट निराळी आहे. ट्यूबलाइट, बिलबुक, स्वाइपिंग मशीन आणि भिंतीवरची गुमास्त्याची फ्रेम मिळून जे चाललं आहे त्याला एक सरकारमान्य चेहरा देतात. माझा मित्र शिकलेला, कायदा पाळणारा माणूस आहे. इन्स्टाग्रामवरून त्याने पिल्लू घेतलं नसतं. दुकानातून घेतलं, कारण दुकान होतं.

दुकानदारांच्या पोटाचाही विचार करायला हवा. पण खाणं, औषधं, पट्टे, ग्रूमिंग, बोर्डिंग यांना कोणी हात लावत नाही. या परिसरात पाळीव प्राणी वाढताहेत आणि ती मागणी वाढतच जाणार. पिल्लं काढून टाकली तरी काच रिकामी ठेवायची गरज नाही. तिथे स्थानिक संस्थांनी दत्तक देण्यासाठी ठेवलेल्या कुत्र्यांची छायाचित्रं लावता येतील. छायाचित्रं म्हणतोय, कुत्री नव्हे. जिवंत प्राणी काचेत ठेवायची चटक चांगल्या कारणासाठीही लागू नये.

आणि दया करून विकत घेणाऱ्यांबद्दल दोन शब्द. ‘त्याचे डोळे बघवेनात म्हणून घेतलं, तिथून सोडवलं’ असं सांगणारी पाच-सात माणसं मला ओळखीत सापडतील. ती चांगली माणसं आहेत. सोडवलेल्या पिल्लाची जागा सोमवारी भरली जाते, कारण दुकानदाराकडे त्यांच्या दयेची नोंद विक्री म्हणून होते. माझा मित्र दुसरं पिल्लू निम्म्यात घेऊन आला असता तर दुकानाच्या हिशेबात दोन नग गेले असते, इतकंच.

त्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, माझी एक ओळखीची वहिनी राहते. दुकान रात्री दहाला बंद होतं, शटर पडतं, दिवे जातात, आणि सकाळी साडेदहापर्यंत आत कोणी माणूस नसतो. ती म्हणते, नवीन पिल्लू आलं की पहिल्या रात्री आवाज वरपर्यंत येतो, दोन-अडीचपर्यंत चालतो. सुरुवातीला ती खाली जाऊन शटरला कान लावायची. आता जात नाही. चार रात्रींनी आवाज थांबतो. पिल्लू विकलं गेलं की आत रडायचं थांबलं, हे वरून तिला कळत नाही.